काळी बाजू मागे सरकते

४ मार्च

माननीय विभागप्रमुख बाई, प्रकाश विभाग, विज्ञान दालन, यांस —

मी फोन उचलत नाही अशी तक्रार तू आईकडे केलीस म्हणे. उचलणार नाहीच. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हे पत्र.

काम एकच आहे. माझं चक्र परत पाठव.

उद्घाटनाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात त्या कपाटात ठेवायला तुला दुसरं काहीही मिळेल. बाजारात प्लास्टिकच्या बैठकीवर बसवलेली तयार चक्रं मिळतात, त्यातलं एक आण. त्यांचा गोळा एका अंगाला पातळ असतो आणि पाती डगडगतात, पण ते कुणी केलं हे चारचौघांत सांगायची वेळ तुझ्यावर येणार नाही.

हे पत्र तुझ्या फायलीत लागणार असेल तर वस्तूचं वर्णन नीट करतो. मोठ्या संत्र्याएवढा काचेचा गोळा. आत उभी सुई. सुईच्या टोकावर काचेची इवलीशी टोपी, टोपीला चार बाजूंनी अभ्रकाची चार पाती. प्रत्येक पात्याची एक बाजू काजळी धरून काळी केलेली, दुसरी चांदीसारखी चकचकीत. गोळ्यातली हवा उपसून तोंड वितळवून बंद केलेलं. समोर दिवा लावला की पाती फिरायला लागतात. वारा नाही, तार नाही, कुणाचा हात नाही. ती टोपी मी पुन्हा पुन्हा फुंकली आणि पुन्हा पुन्हा फोडून टाकली, कारण सुईवर ती केसभर कलत होती. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही. इंजेक्शनच्या कुप्या करायच्या कारखान्यात बर्नरपुढे बसलो आणि ओठ भाजून घेत शिकलो. तुझ्या प्रयोगशाळेतल्या अर्ध्या नळ्या याच तोंडाने फुंकलेल्या आहेत.

आता पाटी. मी लिहून दिलेली पाटी अशी होती: ‘प्रकाशाच्या कणांना वस्तुमान असते. ते पात्यांवर आदळतात, म्हणून चक्र फिरते.’ शाळकरी पोरालाही समजेल अशी. तिच्यावर तू पांढरी पट्टी चिकटवलीस. मला न विचारता.

तेही मी गिळलं असतं. पण परवा शिक्षकांचा तो गट आला. चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या त्या बाई कपाटाला नाक लावून म्हणाल्या, “अय्या, किती नाजूक! कुणी केलं हो हे?”

आणि तू म्हणालीस, “आहेत आमचे एक कारागीर.”

मी तुझ्यापासून हाताच्या अंतरावर उभा होतो. इस्त्रीचा शर्ट घालून, दिव्याचं तोंड सरळ करत. आहेत आमचे एक कारागीर! गळका नळ बदलायला बोलावलेल्या माणसाबद्दलही लोक याहून आपुलकीने बोलतात. “ते काय, तिथेच उभे आहेत, माझे वडील,” एवढं म्हणायला तुझी जीभ का अडखळली?

चहा न घेता निघालो तर फाटकापर्यंत मागे आलीस. मला वाटलं, आता तरी काही बोलशील. बोललीस काय, तर “बाबा, रागावू नका, पण कोणती बाजू मागे सरकते ते एकदा बघा.”

बघितलंय. मीच केलंय ते. काळी बाजू मागे सरकते. आणि का सरकते तेही सांगतो. काळी बाजू प्रकाश गिळते. गिळला की त्याचा सगळा भार तिच्या अंगावर पडतो. चकचकीत बाजू त्याला दारातूनच परत लावते, तिच्यावर भार पडायचा प्रश्नच नाही. म्हणून काळी हटते. यात न कळण्यासारखं काय आहे?

चक्र पाठवताना पाती कापसाने अडकवता येत नाहीत, गोळा बंद आहे. उभंच ठेवायचं आणि हलवायचं नाही. तुझ्या शिपायांना हे जमणार नसेल तर तसं कळव.

— एक कारागीर


१५ मार्च

चक्र आलं नाही, पत्र आलं. बरं झालं, निदान हस्ताक्षर तरी अजून माझ्याच वळणाचं आहे.

तुझं म्हणणं असं की प्रकाशाच्या कणाला, म्हणजे फोटॉनला, वस्तुमान नाही. शून्य. आणि इलेक्ट्रॉनला आहे, अगदी नगण्य का होईना, पण आहे. वा! एकाच घरातली दोन पोरं, एकाला ताट वाढायचं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवायचं. बरं, शून्य तर शून्य. पण पुढच्याच ओळीत तू लिहितेस की वस्तुमान नसलं तरी फोटॉन धक्का देतो. ज्याच्या अंगात काहीच नाही तो धक्का कसा देईल? पुस्तकं मीही वाचली आहेत. वाचनालयातल्या विज्ञानाच्या कपाटातली सगळी वाचली, जी समजली नाहीत ती पुन्हा वाचली. पदवी नाही म्हणून कुणीही यावं आणि काहीही सांगून जावं असं नाही.

पण ते राहू दे. तुझ्या चेंडूचं बोलू.

‘बाबा, दारावर चिकट गोळा मारला तर तो चिकटून राहतो. रबरी चेंडू मारला तर उसळून परत येतो. दार जास्त कशाने हलेल?’ असं तू विचारलंस. मी आठ यत्ता शिकलो म्हणून मला कोडी घालतेस? ठीक आहे. करून बघितलं.

काचा बसवायची पुट्टी मळून गोळा केला. रबरी चेंडूइतकाच, काट्यावर तोलून. हात पक्षपात करतो, म्हणून उतरती फळी लावली आणि दोन्ही एकाच खुणेवरून सोडले. स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांना तेल घालून हलकं केलं आणि जमिनीवर खडूने रेघा मारल्या, दार कुठवर जातं ते कळायला.

तुझी आई ओट्याशी उभी होती. म्हणाली, “हे काय चाललंय?”

“प्रयोग.”

“कुणाशी?”

“तुझ्या लेकीशी.”

“मग तिच्या दारावर करा ना! माझ्या का?”

पुट्टीच्या गोळ्याने दार पहिल्या रेघेपर्यंत गेलं. रबरी चेंडूने तिच्या बरंच पुढे. फळी बदलली, बाजू बदलली, आईला दुसऱ्या खोलीत पाठवलं. तेच. जो उसळून परत जातो तोच जास्त ढकलतो.

म्हणजे प्रकाश जिथून उसळतो ती चकचकीत बाजू मागे सरकायला हवी. माझ्या चक्रात काळी सरकते. म्हणजे माझं चक्र उलटं फिरतंय. हेच तुला म्हणायचं होतं ना? घे, लिहून दिलं.

पण यावरून इतकंच ठरतं की मी दिलेलं कारण लंगडं आहे. चक्र तर फिरतंच. दिवा लावला की फिरतं, विझवला की थांबतं. प्रकाश नाही तर कोण फिरवतं मग? तू लिहितेस, उरलेली हवा. गोळ्यात थोडी हवा राहिलेली असते, काळी बाजू जास्त तापते, तिच्या काठाशी ती हवा सरकते आणि पात्याला ढकलते. हवा! मी उपसलेल्या गोळ्यात हवा! फ्रीज दुरुस्त करणाऱ्या आपल्या शेजाऱ्याचा पंप मी अख्खा दिवस चालवला होता. तो बिचारा दुकानात हातावर हात धरून बसला होता. माझ्या कामात हवा राहिली असं म्हणणं म्हणजे शिंप्याला तुझ्या शिवणीत भोक आहे म्हणण्यासारखं आहे.

आणि कारागिराबद्दल तुझा खुलासा वाचला. संचालकांना वाटलं असतं की बापाचं म्हणून चुकीचं काहीतरी मांडलं, म्हणून तू नातं सांगितलं नाहीस. तुझ्या भल्यासाठी नाही, माझ्या भल्यासाठी, हेही वर लिहिलंस. लहानपणी औषध पाजताना आम्ही तुझ्याशी असंच बोलायचो.


२१ मार्च

चक्र अजून आलेलं नाही. आई म्हणते, मागणं सोडा. मी सोडणार नाही.

दुसरं करतोय. तसंच, त्याच मापाचं. हवा आहे म्हणतेस ना? बघू. आरशांवर मुलामा चढवायच्या कारखान्यात मोठा पंप आहे. तिथल्या फोरमनला मी शब्द टाकला आहे. तो पंप फ्रीजवाल्याच्या पंपाने मागे ठेवलेली हवाही ओढून काढतो. त्यावर चढवून, गोळा तापवत तापवत उपसणार आहे, म्हणजे काचेच्या अंगाला आणि काजळीला चिकटलेलीही निघेल. मग लावू दिवा.

फिरलं, तर ती पांढरी पट्टी तू स्वतःच्या नखाने काढायचीस. सगळ्यांसमोर.


२ एप्रिल

चिंगे,

या नावाने हाक मारतोय याचा अर्थ राग गेला असा घेऊ नकोस. माननीय लिहायला हात उठला नाही, इतकंच.

काल दुपारी कारखान्यात जेवणाची सुट्टी होती तेव्हा गोळा पंपावर चढवला. तोंड अजून बंद केलेलं नव्हतं, नळीने पंपाला जोडलेलं. शेजारी दिवा. फोरमन डबा हातात घेऊनच उभा होता. मी त्याला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, तुझ्यासकट. “आज तुमच्या मुलीचं नाक कापायचं का?” म्हणाला. मी म्हटलं, “नाक नाही कापायचं, फक्त कान पकडायचा.”

पंप सुरू केला. आधी काहीच नाही. पाती हवेच्या ओझ्याखाली ढिम्म. मग एक पातं अंग चोरल्यासारखं हललं. मग चारही. मग वेग धरला. हवा जसजशी जात होती तसतशी पाती अधिक जोरात. शेवटी पाती वेगळी दिसेनात, नुसता करडा घेर. मी फोरमनच्या दंडाला धरून ओरडलो, “बघितलंस? हवा कमी, वेग जास्त! मग हवा कशी ढकलेल?” त्या क्षणी मी तुझ्या पट्टीवर, तुझ्या संचालकांवर, त्या चष्मेवाल्या बाईंवर, सगळ्यांवर उभा होतो. तुला लिहायची वाक्यंही जुळवून झाली होती. त्यातली काही फारच चांगली होती.

पंप चालूच होता.

पाती पुन्हा वेगळी दिसायला लागली. मला वाटलं दिवा मंद झाला. दिवा तसाच होता, उलट मी जवळ सरकवला. पाती मोजता येतील इतकी सावकाश झाली. मग काळी बाजू दिसे, चकचकीत दिसे, पुन्हा काळी, अशी रेंगाळत रेंगाळत फिरली. आणि थांबली. थोडी मागेपुढे झुलली. मग तेही नाही. दिवा इतका जवळ की गोळ्याला बोट लावता येत नव्हतं, आणि पाती भिंतीवरच्या खिळ्यासारखी स्तब्ध.

फोरमन म्हणाला, “पंप बिघडला का काय?”

मी त्याच्यावर असा खेकसलो की त्याने डबा खाली ठेवला. त्याचा काय दोष होता? पंप उत्तम चालत होता. इतका उत्तम, की माझं चक्र थांबलं. मग मी मुद्दाम पंपाची झडप किंचित सैल केली, श्वासभर हवा आत सोडली. पाती लगेच निघाली, काळी मागे टाकून, खुशाल. पुन्हा उपसली. पुन्हा थांबली. तीच टोपी, तीच सुई, तोच दिवा. प्रकाश तितकाच. बदलत होती ती फक्त हवा.

म्हणजे काय झालं ते तुला कळलंय, पण मी लिहितो, कारण हे मी तुझ्या तोंडून ऐकणार नाही. फ्रीजवाल्याचा पंप मध्यम होता म्हणून माझं चक्र फिरलं. चांगला असता तर ते फिरलंच नसतं आणि मी ते मोडीत काढलं असतं. अर्धवट पंपाच्या जोरावर मी लोकांना प्रकाशाचं वस्तुमान दाखवत होतो.

आणि तुला सांगतो, राग तुझ्या बरोबर असण्याचा नाही. बरोबर तर तू लहानपणापासूनच असायचीस, त्याची सवय आहे. राग याचा आहे की तुला हे आधीपासून माहीत होतं. मी टोपी फुंकत होतो तेव्हा माहीत होतं, पाती घासत होतो तेव्हा माहीत होतं. ‘बाबा, फारच सुंदर होतंय’ म्हणत होतीस. मग पट्टी चिकटवलीस. एकदा घरी येऊन, त्या टेबलाशी बसून, ‘बाबा, थांबा, हे असं नाही’ म्हणायला काय झालं होतं? मी आरडाओरडा केला असता. केलाच असता. पण घरात केला असता.


९ एप्रिल

माननीय विभागप्रमुख बाई,

पुन्हा माननीय, कारण तुझं नवं पत्र विभागप्रमुखाचंच आहे.

मी लिहिलेलं वाचून तू रडलीस असं आई म्हणते. ते तुमचं आपसातलं. मला आलेल्या पत्रात मात्र असं आहे: ‘फिरणारं चक्र राहू द्या ना बाबा. खाली खरं कारण लिहिते, हवेचं. मुलं त्याच्यासमोरून हलत नाहीत. संचालकांनाही तेच सगळ्यात आवडलंय. न फिरणारं पाठवायची गरज नाही, ते बघायला कोण थांबणार?’

कोण थांबणार! म्हणजे आधी मी चुकीचं सांगतो म्हणून पट्टी, आणि आता ते चुकीचं दिसतं छान म्हणून राहू द्यायचं? पाटी कोण वाचतं? पोरगं येतं, दिवा बघतं, चक्र फिरताना बघतं आणि मनाशी ठरवतं की प्रकाश ढकलतो. घरी जाऊन आईला तेच सांगतं. मीही असंच ठरवलं होतं, आणि मला तर पाटी स्वतः लिहायची मुभा होती. डोळ्यांना एकदा पटलं की अक्षरांचं कुणी ऐकत नाही.

फिरणारं एकटं ठेवायचं नाही. ठेवायचं असेल तर दोन्ही शेजारी शेजारी, एकाच दिव्यापासून सारख्या अंतरावर. सारख्या म्हणजे दोरीने मापून. एक फिरेल, एक फिरणार नाही. मग पोरगं विचारेल, “हे का थांबलंय? बिघडलंय का?” विचारू दे. तोंडाने विचारलेलं डोक्यात राहतं.

पाटी मी लिहून पाठवतोय. त्यात अक्षराचा फरक करायचा असेल तर आधी मला दाखवायचा: ‘दोन्ही चक्रांवर प्रकाश सारखाच पडतो. डावीकडच्या गोळ्यात थोडी हवा उरली आहे, ती तापून पात्यांना ढकलते. उजवीकडच्या गोळ्यातली हवा जवळपास सगळी काढली आहे. प्रकाशही ढकलतो, पण इतका हळू की सुईवरचं घर्षणसुद्धा त्याला पुरून उरतं. प्रकाशाच्या कणाला वस्तुमान आहे की नाही, हे या चक्रांवरून कळत नाही.’

शेवटच्या वाक्यावर तू हरकत घेशील. घेऊ नकोस. नाही हे तू म्हणतेस, आणि आता मीही म्हणायला लागलोय, पण ते या काचेने दाखवलेलं नाही. ज्याने दाखवलं नाही त्याच्या नावावर ते खपवायचं नाही.

वस्तुमान नसताना धक्का कसा, हे मात्र तुझ्या या पत्रातल्या चार ओळींनी थोडं उलगडलं. वस्तू थांबल्यावरही तिच्यापाशी जे उरतं ते वस्तुमान. इलेक्ट्रॉन थांबवता येतो, थांबला तरी तो इलेक्ट्रॉनच असतो. फोटॉन थांबवायला जावं तर तो फोटॉन राहतच नाही, काजळीत ऊब होऊन जातो. थांबून दाखवायला त्याच्यापाशी काही नाहीच. जे आहे ते सगळं चालण्यात, ऊर्जेत, आणि धक्काही त्यातलाच. हे वाचून मी बराच वेळ बर्नर लावलाच नाही. सगळं समजलं असं म्हणणार नाही. पण ही वाक्यं तुझ्याकडे होती, आणि मला मात्र तू दारावर चेंडू मारायला लावलंस.

राहिलं नावाचं. पाटीखाली माझं पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहीन असं तू कबूल केलंयस. नको. माझं नाव वाचून कुणाला काय कळणार? माझं भांडण नावाचं नव्हतंच. तुला ते अजूनही कळलेलं नाही, की कळून तू दुसरंच काही देऊ बघतेस, देव जाणे.

न फिरणारा गोळा मी पार्सलने पाठवणार नाही. त्याचं तोंड जिथे वितळवून बंद केलंय तिथे काच सगळ्यात नाजूक असते, जराशी तडकली तरी हवा आत झिरपेल आणि चक्र फिरायला लागेल. मांडीवर घेऊन येतोय. उद्घाटनाच्या दिवशी, सकाळी. आई बरोबर असेल. ती म्हणते की दोघांच्या मध्ये कुणीतरी बसायला हवं.

आम्ही दाराशी पोचू तेव्हा तुझे संचालक तिथे असतील, ते शिक्षक असतील, फिती कापणारे असतील. माझे दोन्ही हात गोळ्यात अडकलेले असतील, त्यामुळे मला कुणाला नमस्कार करता येणार नाही की स्वतःची ओळख करून देता येणार नाही. ते काम तुझं. काय म्हणायचं ते मी लिहून देणार नाही, पाटी नाहीये ती. मी दारात उभा राहीन आणि तू बोलेपर्यंत आत पाऊल टाकणार नाही.